खटावच्या काळ्या रानात करडई: पेरणीपासून घाण्यापर्यंत

साताऱ्याच्या खटाव-माणमध्ये रब्बी म्हटलं की आता ज्वारी आणि हरभरा एवढंच कुणाच्याही तोंडात येतं. उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचं पाणी ज्यांच्या रानापर्यंत आलं त्यांनी ऊस, आलं, कांदा धरला. त्यांचं चांगलं चाललंय. पण आमच्यासारखी रानं अजून पुष्कळ आहेत, कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथं परतीचा पाऊस हेच काय ते पाणी. अशा रानात करडईइतकं इमानी पीक दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी दर दसऱ्याच्या आधी भेटेल त्याला सांगत असते. आमच्या आत्याबाईंच्या काळात प्रत्येक घरी करडईचं तेल घरच्या बियाचं असायचं. मग सोयाबीनचा डबा आला आणि करडई आधी बांधावर गेली, नंतर बांधावरूनही गेली. ती परत रानात यावी म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

करडई सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळातली. रस्त्याकडेचं काँग्रेस गवतही त्याच कुळातलं. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो. करडईच्या बोंडातली ती पिवळी-केशरी तुसं दिसतात ना, त्यातलं प्रत्येक एक स्वतंत्र फूल, आणि जे फळलं त्याचं एक बी. म्हणजे झाडाला बोंडं किती आणि बोंडात बी किती भरलं, यावर सगळा उतारा. आणि या दोन्ही गोष्टी जमिनीतल्या ओलीवर ठरतात. पुढं मी जे जे सांगणार आहे, विरळणी, कोळपणी, पाणी, ते सगळं त्या ओलीपाशी येऊन थांबतं.

रान निवडताना खोली बघा. करडईचं सोटमूळ दीड मीटरच्याही खाली जातं, म्हणून तर वर माती कोरडी ठणठणीत दिसत असताना हे झाड हिरवं राहतं. पण खाली जायला माती तर हवी. माळाच्या मुरमाड रानात, जिथं फूटभरावर पहार खणखणते, तिथं करडईचा हट्ट करू नका, तिथं हुलगा-मटकीच बरी. दोन फूट किंवा जास्त काळी माती, येरळाकाठी आहे तशी, हे करडईचं खरं घर. दुसरी गोष्ट, पाणी साचणारा सखल तुकडा सोडून द्या. करडई कोरड सोसते, पाय ओले राहिलेले तिला अजिबात सोसत नाहीत. दोन दिवस पाणी तुंबलं की मूळकूज झालीच म्हणून समजा.

खरिपात रान पड ठेवलं असेल तर उत्तम. नाहीतर मूग किंवा उडीद घ्या, तो ऑगस्टअखेर निघतो आणि रान मोकळं होतं. पावसाळ्यात कुळवाच्या दोन-तीन पाळ्या द्यायच्या, प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक, म्हणजे तण मरतं आणि वरची माती भुसभुशीत राहून पाणी आत मुरतं. उताराला आडवे सारे ओढून वाफे पाडून ठेवले तर हस्ताचा पाऊस वाहून ओढ्याला जात नाही, जागच्या जागी मुरतो. हे काम सप्टेंबरच्या आधी झालं पाहिजे. आभाळ भरून आल्यावर बैल शोधत किंवा ट्रॅक्टरवाल्याला फोन करत बसू नये.

पेरणीची वेळ सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. आमच्याकडं म्हणायचं तर उत्तरा संपता संपता ते हस्ताच्या पहिल्या चरणापर्यंत. फार लवकर पेरली तर उरलेला पाऊस कोवळ्या पानांवर बसतो आणि करपा येतो. उशीर झाला तर ओल खाली गेलेली असते आणि पुढं मावा नेमका कोवळ्या शेंड्यावर सापडतो. तारखेपेक्षा वाफशाला जास्त मान द्या. चार बोटं खालची माती मुठीत दाबा. तिचा लाडू वळला पाहिजे, आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर तो फुटला पाहिजे. नाही वळला तर ओल कमी आहे, पडून तसाच चिकटून राहिला तर अजून दोन दिवस थांबा.

बियाणं एकरी चार ते पाच किलो पुरतं. वाणांमध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे भीमा, फुले कुसुमा, फुले चंद्रभागा हे कोरडवाहू रानाला पारखलेले आहेत. विद्यापीठाचं करडईचं संशोधन सोलापूरच्या कोरडवाहू केंद्रावर चालतं आणि तिथलं हवापाणी आपल्यासारखंच आहे, म्हणून तिथले वाण माण-खटावात बिनघोर चालतात. हे सगळे काटेरी. ज्यांना काट्याची धास्ती आहे त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यात, फलटणला, फार मोठं काम झालेलं आहे. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे नारी, सुरू केली. तिथं करडईवर वर्षानुवर्षं काम होऊन नारी-६ हा बिनकाट्यांचा वाण आणि नारी-एनएच-१ हा बिनकाट्यांचा संकरित वाण तयार झाला. सातारकरांनी याचा अभिमान धरावा आणि निदान एक सरी तरी लावून बघावी असं मला मनापासून वाटतं. परभणीच्या विद्यापीठाचा पीबीएनएस-४० हाही बिनकाट्यांचा आहे. माझी स्वतःची पद्धत अशी की रानाच्या कडेनं काटेरी आणि आत, जिथं पाकळ्या वेचायच्या असतात तिथं, बिनकाटी. काटेरी करडईची कड असली की गुरं, शेळ्या आत शिरत नाहीत. ज्वारी-हरभऱ्याच्या रानालाही पूर्वी अशीच कड धरायचे. बी पुढच्या सालासाठी ठेवायचं असेल तर मात्र ही मांडणी अडचणीची होते, ते शेवटी सांगते.

पेरायच्या आधी बियाला थायरम हे बुरशीनाशक, किलोला ३ ग्रॅम, किंवा ट्रायकोडर्मा, किलोला १० ग्रॅम, चोळून घ्या. मर रोग बियातून आणि मातीतून, दोन्हींतून येतो, आणि एकदा झाड मरायला लागलं की वरून काही करता येत नाही. त्यावर ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत किलोला २५ ग्रॅम गुळाच्या पाण्यातून लावून बी सावलीत सुकवा. करडईचं टरफल टणक असतं, वरची माती सुकायला लागली असेल तर बी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत फडफडीत करून, मग औषध चोळून पेरावं. उगवण एकसारखी येते.

दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट, आणि बी ओलीत पडेल असं दोन इंच खोल. कोरडवाहू करडईला हेक्टरी ५० किलो नत्र आणि २५ किलो स्फुरद अशी शिफारस आहे. एकराच्या हिशेबात साधारण एक पोतं युरिया, ४५ किलोचं, आणि सव्वा पोतं सिंगल सुपर फॉस्फेट. सुपर फॉस्फेटच घ्या, कारण त्यात गंधकही असतं आणि तेलबियांना ते लागतं. सगळं खत पेरणीबरोबर, दोन चाड्यांच्या पाभरीनं, बियाच्या खाली पडेल असं द्यायचं. कोरडवाहू रानात नंतर वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीवर पडून राहतो, झाडाच्या तोंडी लागत नाही. शेणखत असेल तर ते पावसाळ्यापूर्वी, कुळवाच्या पाळीत मिसळून.

निव्वळ करडई नको असेल तर हरभऱ्याच्या सहा ओळींना करडईच्या तीन ओळी हा मेळ छान बसतो. ज्वारीत मध्ये मध्ये करडईच्या ओळींचा पाटा टाकायची जुनी रीतही होती.

आता विरळणी. याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण करडई बिघडते ती इथं, आणि माणसाच्या मायेमुळं बिघडते. उगवून आल्यावर दहा ते पंधरा दिवसांत दोन रोपांत वीतभर, २० सेंटिमीटर, अंतर ठेवून बाकीची सगळी रोपं उपटायची. एका ठिकाणी एकच रोप. उगवलेलं हिरवंगार रोप उपटायला हात होत नाही, हे मला माहीत आहे. गडी माणसांना तर अजिबात होत नाही, ती म्हणतात राहू दे की, एका जागी दोन. पण खाली ओल मोजकीच आहे. एका जागी दोन रोपं ठेवली तर दोघंही उपाशी राहतात, काठीसारखी सरळ वाढतात, फांद्या फुटत नाहीत आणि शेंड्याला एक-दोन बोंडं धरून मोकळी होतात. एकटं रोप मात्र बुडापासून फांद्या टाकतं आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला बोंड धरतं. मी विरळणीला बसते तेव्हा हातात वीतभर लांबीची काडी धरते. एक रोप निवडायचं, जाड मानेचं, पानं रुंद आणि जमिनीला टेकलेली असं. काडी लावायची, काडीच्या टोकापाशी पुढचं रोप निवडायचं, मधली सगळी दोन बोटांत मान धरून उपटायची. माती भुसभुशीत असते म्हणून मुळासकट येतात. काडी हातात असली की मन कच्चं होत नाही.

उपटलेली रोपं टाकायची नाहीत. या वयात काटे नसतात, पानं मऊ असतात. मुळं छाटून, दोनदा धुऊन, बारीक चिरायची. लसूण आणि हिरवी मिरची तेलात तडतडली की भिजवलेली मूगडाळ, तिच्यावर भाजी, मीठ, आणि झाकण न ठेवता परतायची. थोडा उग्र वास असतो तो परतताना जातो. ज्वारीची गरम भाकरी आणि ही भाजी, नवरात्र संपता संपता आमच्या घरी रोज असते. जास्त निघाली तर वडूजच्या बाजारात पेंढ्या बांधून नेल्या की हातोहात खपतात.

पेरणीपासून महिनाभर करडई जागची हलत नाही. पानं जमिनीसरशी पसरून बसतात, खोड म्हणून दिसत नाही. नवीन लावणारे इथं घाबरतात आणि पाणी नाहीतर युरिया देऊन मोकळे होतात. काहीही देऊ नका. या दिवसांत ती वर वाढत नाही कारण मूळ खाली जात असतं. तिला एवढंच हवं की तण तिची ओल पिऊ नये. पंचवीस-तीस दिवसांनी पहिली कोळपणी, पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी दुसरी. त्यानंतर काटे येतात आणि ओळीत शिरणं अवघड होतं. कोळप्यानं तण तर निघतंच, पण त्याहून मोठं काम म्हणजे वरची माती मोकळी होऊन भेगा बुजतात. काळी माती भेगाळली की त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. आत्याबाई म्हणायच्या, कोळपं म्हणजे अर्धं पाणी. मी त्याच मापानं चालते.

पाण्याची सोय असेल तर एक पाणी पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी, खोड वर यायला लागतं तेव्हा. दुसरं पंचावन्न-साठ दिवसांनी. एकच देता येणार असेल तर पहिलं द्या. आणि हे नीट ध्यानात ठेवा: पाणी हलकं, आणि भेगा पडायच्या आत. मोठ्या भेगा पडल्यावर पाणी सोडलं तर ते भेगांतून खाली जाऊन मुळाशी तुंबतं आणि चांगली वाढलेली झाडं आठवड्यात माना टाकतात. भेगा पडून गेल्या असतील तर पाण्याचा विचार सोडून द्यायचा आणि कोळपं घालायचं. तुषार संच असेल तर प्रश्नच नाही.

पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते त्या सुमारास, थंडी पडलेली आणि मध्येच आभाळ आलेलं असतं, तेव्हा मावा बघायला लागायचं. करडईचा मावा काळा असतो आणि तो नेहमी कडेच्या झाडांवर आधी उतरतो. म्हणून रोज सकाळी बांधावरून एक फेरी मारायची आणि कडेच्या झाडांचे शेंडे उलटून बघायचे. पानाच्या मागं काळे ठिपके आणि वरच्या अंगाला चिकट चकाकी दिसली की तो आला. याच वेळी फक्त कडेच्या चार-सहा ओळींवर फवारलं तर आतलं रान बहुतेक वाचतं. सगळं रान चिकट होऊन काळं पडेपर्यंत वाट बघितली तर खर्च चौपट आणि उतारा निम्मा. मी पाच टक्के निंबोळी अर्क वापरते. पाच किलो निंबोळ्यांची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून घ्यायची, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि सगळं मिळून शंभर लिटर करायचं. फवारणी संध्याकाळी. मावा खाणारे लाल ढालकिडे शेंड्यांवर भरपूर दिसत असतील तर दोन दिवस थांबून बघा, ते पुष्कळ काम करून टाकतात. निंबोळीनं आटोक्यात आला नाही तर कृषी सहायकाला पान दाखवून औषध विचारा, पण फुलं उमलल्यावर सकाळच्या वेळी कुठलंही औषध मारू नका. त्या वेळी रान मधमाश्यांनी भरलेलं असतं, आणि त्या आल्या की बोंडं चांगली भरतात.

पानांवर तपकिरी गोल डाग, त्यात वलयं, असं दिसलं तर तो करपा. अवेळी पाऊस झाला तरच येतो. त्यावर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम फवारायचं.

फूल मधल्या शेंड्याचं आधी उमलतं, मग वरच्या फांद्यांचं, मग खालच्यांचं. पाकळी आधी पिवळी, मग केशरी, आणि सुकायला लागली की लाल होते. पाकळ्यांसाठी वेचणी करायची ती या लाल होण्याच्या वेळी, पिवळी असताना नाही. लाल झाली म्हणजे फळधारणा होऊन गेलेली असते, आता पाकळी काढल्यानं बियाचं नुकसान होत नाही. सकाळी तीन बोटांत धरून हलकं ओढलं की सुटते. सावलीत, पांढऱ्या फडक्यावर पातळ पसरून वाळवायची. उन्हात रंग उडतो. चिमूटभर पाकळ्या गरम पाण्यात टाकून लोक तो काढा चहासारखा पितात. गरोदर बायांनी तो घेऊ नये, आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

काढणी पेरणीपासून एकशे वीस ते एकशे पस्तीस दिवसांत. पानं आणि बोंडाभोवतीची टोकदार पानं तपकिरी झाली, बोंड चोळल्यावर बी पांढरं टणक सुटलं, की कापायची. काटेरी करडई पहाटेच कापायची. दंवानं काटे नरम पडलेले असतात. ऊन चढलं की तेच काटे पायात कापडातून घुसतात. आमच्याकडं पायांना जुन्या धोतराचे फडके गुंडाळतात, डाव्या हातात बाभळीचं बेचकं घेतात. बेचक्यात झाडाची मान धरायची, थोडी वाकवायची, आणि उजव्या हातातल्या विळ्यानं बुडातून कापायचं. हात झाडाला लागतच नाही. कापलेली झाडं बोंडं आतल्या बाजूला करून कडप्यांत रचायची, आणि कडकडीत वाळली की काठीनं बडवून उफणायची. करडईचं बी बोंडातून सहजासहजी गळत नाही, त्यामुळं रान मोठं असेल तर गव्हाचं कंबाईन हार्वेस्टर लावूनही ती छान निघते. मजूर मिळत नाहीत म्हणून करडई सोडलेल्यांनी हे जरूर बघावं. चांगल्या कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल धरून चाला.

बी पाच-सहा दिवस उन्हात वाळवून मग घाण्यावर. शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेच्या आधी आमचं वर्षाचं तेल घरात येतं. बियात तेल साधारण २८ ते ३२ टक्के असतं, घाण्यावर त्याहून कमी निघतं आणि बाकीचं पेंडीत राहतं. ती पेंड जनावरं खातात. तेल आठ दिवस निवळू द्या, मग स्टीलच्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवा. ते भाजी-आमटीला, चटणीवर कच्चं घ्यायला फार चांगलं. तळणीला एकदाच वापरा, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, त्याला वास लवकर येतो.

सातारा, सांगली शहरात राहणाऱ्यांनी विचारलं म्हणून सांगते, कुंडीतही करडई येते. कुंडी दीड फूट खोल हवी, बुडाला भोक मोठं. बिनकाट्याचं बी ऑक्टोबरमध्ये कुंडीतच टोकायचं, रोप करून हलवायचं नाही, कारण सोटमूळ दुखावलं की झाड सावरत नाही. तीन बिया टोका, एक रोप ठेवा. गच्चीवर दिवसभर ऊन पाहिजे आणि पाणी माती वरून दोन बोटं सुकल्यावरच.

बियाणं घरचं ठेवायचं असेल तर संकरित वाणाचं ठेवू नका, ते दरवर्षी नवीनच घ्यावं लागतं. साध्या वाणाचं दोन-तीन वर्षं घरचं चालतं. मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून काटेरी कडेजवळच्या बिनकाटी झाडांचं बी धरलं तर पुढं त्यात काटे दिसू लागतात. बियासाठी बिनकाटी करडई वेगळ्या, लांबच्या तुकड्यात करा, आणि तिथंही मधल्या ओळींतली, फांद्यांनी भरलेली, मर न लागलेली झाडं फुलात असतानाच चिंधी बांधून ठेवा. ती वेगळी कापा, वेगळी बडवा. बी दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा आणि कडुनिंबाचा वाळला पाला घालून कोरड्या डब्यात बंद करा. आणि त्याच रानात लागोपाठ करडई घेऊ नका. पुढच्या साली तिथं ज्वारी किंवा हरभरा, करडई तिसऱ्या-चौथ्या वर्षी.